सिंहगड उतरून आलो, आज दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. हे लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे होतं का?

नाही. लॅक्टिक ॲसिडवर हा आळ उगाचच येतो. दमछाक थांबली की साधारण तासाभरात रक्तातलं त्याचं प्रमाण पूर्ववत होतं. तुमचं दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी सुरू झालंय, आणि असं दुखणं २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतं.

खरा गुन्हेगार उतार. चढताना दम लागतो, पण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेकसारखं काम करतो, म्हणजे आवळलेला असतानाच ताणला जातो. सवय नसेल तर त्यात स्नायूंच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होतात. मग दुरुस्तीसाठी शरीर तिथे दाह निर्माण करतं, थोडी सूज येते, आजूबाजूच्या नसांची टोकं हळवी होतात. याला वेळ लागतो, म्हणून दुखणं उशिरा येतं.

उपाय? थोडं चालत-फिरत राहा, बरं वाटेल. स्ट्रेचिंगने फारसा फरक पडत नाही, जिमवाले काहीही म्हणोत. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा गेलात तर बरंच कमी दुखेल, कारण स्नायू तेवढ्यात सावरून तयार होतात.

मात्र दुखणं असह्य असेल, पाय खूप सुजले असतील किंवा लघवी गडद तपकिरी होत असेल, तर लगेच डॉक्टर गाठा. त्यात मूत्रपिंडाला धोका असतो.