सण एकाच दिवशी येतात तेव्हा

प्रश्न : आमच्या सोसायटीत हिंदू, मुस्लीम आणि ख्रिस्ती कुटुंबे गणेशोत्सव, ईद आणि नाताळ एकत्र साजरे करतात. यंदा मोहरमचाही कार्यक्रम ठेवावा, अशी सूचना आली आहे. सांगलीकडे मशिदीत गणपती बसवतात, असे ऐकले आहे. तेथे हे कसे जमले, आणि अलीकडे हिंदू आणि मुस्लीम सण इतक्या वेळा एकाच सुमारास का आले?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी मोहरमविषयी, कारण चूक होण्याची शक्यता तेथेच आहे. मोहरमचा दहावा दिवस, म्हणजे आशुरा, हा इ.स. ६८० मध्ये करबला येथे हौतात्म्य पत्करलेल्या इमाम हुसैन यांच्या स्मरणाचा दिवस आहे. शिया कुटुंबांसाठी तो शोकाचा असतो, अनेक सुन्नी त्या दिवशी रोजा ठेवतात. म्हणून त्या दिवशी शुभेच्छांचे फलक आणि वाद्यवृंद नकोत. सांगली जिल्ह्यातील कडेगावात हिंदू घराण्यांचेही ताबूत (इमाम हुसैन यांच्या कबरीच्या प्रतिकृती) असतात आणि ताबूतांच्या भेटी पाहायला पंचक्रोशी लोटते, पण तो मान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला आहे. तो एका वर्षात उसना आणता येत नाही.

त्याच जिल्ह्यातील गोटखिंडीत १९८० पासून गणेशोत्सवात मूर्ती मशिदीत बसवली जाते. पूर्वी एकदा जोराच्या पावसात मूर्ती भिजू नये म्हणून मुस्लीम ग्रामस्थांनीच ती आत ठेवण्यास सांगितले, अशी या प्रथेची सुरुवात गावकरी सांगतात. गणेशोत्सवात बकरी ईद आली तेव्हा तेथे केवळ नमाज झाली, कुर्बानी झाली नाही. मला या गावाचे मोल वाटते ते याच कारणासाठी: शेजाऱ्याची अडचण त्याने बोलून दाखवण्याआधीच ओळखली गेली.

आता पंचांगाकडे वळू. हिजरी, म्हणजे इस्लामी, वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि त्यात अधिक मास नसतो, त्यामुळे त्याचे सण दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतात. आपले सणही चांद्र तिथीचेच, त्यामुळे अधिक मास मध्ये येईपर्यंत तेही तितकेच अलीकडे सरकतात आणि एकदा जुळलेली जोडी दोन-तीन वर्षे टिकते. हिजरी महिना चंद्रदर्शनाने सुरू होत असल्यामुळे त्याची दहावी तारीख शुद्ध एकादशीच्या आसपास पडते. बकरी ईद अशाच दहाव्या तारखेला असते, म्हणूनच २०२२ आणि २०२३ मध्ये आषाढी एकादशी व बकरी ईद एकाच दिवशी आल्या, आणि अनेक गावांतील मुस्लिमांनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. पुढे २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या, तेव्हा मुंबईतील जुलूस २९ तारखेला काढण्यात आला. २०२४ आणि २०२५ मध्येही या दोन दिवसांत एकाच दिवसाचे अंतर होते. २०२६चा अधिक ज्येष्ठ ही जोडी सोडवतो.

आपल्या सोसायटीसाठी माझा सल्ला असा, की मोहरमचा कार्यक्रम ठरवण्यापूर्वी मुस्लीम शेजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्याकडे हा दिवस कसा पाळला जातो, हे विचारावे. त्यांची इच्छा असेल, तर फाटकापाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सरबत द्यावे आणि त्या कामाला सगळ्या घरांतील मुलांना उभे करावे. त्यांना तो दिवस घरच्या घरी पाळायचा असेल, तर त्या संध्याकाळी सभागृहात दुसरा जल्लोष ठेवू नये.