पूर्वी रात्रीची कॉफी चालायची, आता दुपारचा कपही का बाधतो?

पंचविशीत रात्री दहाला कॉफी पिऊनही पाठ टेकताच झोप लागायची, आता पन्नाशीत चारचा कप मध्यरात्र उलटली तरी जागा ठेवतो, मग यकृत थकलं का, असं तुम्ही विचारलंय. माझी पन्नाशी उलटून गेलीय, धंदा औषधविक्रीचा. त्यामुळे हे गाऱ्हाणं काउंटरवर नेहमी ऐकतो, घरीही ऐकतो. माझ्या मते दोष यकृताचा कमी आणि झोपेचा जास्त.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यानेच पेंग येते. कॉफीतलं कॅफीन मेंदूतल्या त्याच्या बसायच्या जागा अडवून ठेवतं. पेंग जाणवत नाही, पण अ‍ॅडेनोसीन साठायचं काही थांबत नाही. हे कॅफीन यकृतात सीवायपी१ए२ नावाच्या एन्झाइममुळे मोडतं. निरोगी प्रौढात निम्मं निघून जायला साधारण 5 तास लागतात, पण माणसागणिक हा आकडा दीड तासापासून साडेनऊ तासांपर्यंत जातो. तुमचा वेग सरासरी धरला, तर चारच्या कॉफीचं निम्मं कॅफीन नऊला अंगात असतं आणि पाव हिस्सा पहाटे दोनला.

हे गणित पंचविशीतही जवळपास असंच होतं. बदलली ती झोप. गाढ झोपेचा वाटा चाळिशीच्या आसपासच बराच घटलेला असतो, पुढे रात्री मध्येच जाग येण्याचं प्रमाणही वाढतं. अशा पातळ झोपेला उरलेलं थोडं कॅफीनही पुरतं. आणि खरं सांगायचं तर तेव्हाही ते बाधत असणारच, फक्त कळत नव्हतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात झोपण्याच्या 6 तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तर यंत्राने मोजलेली झोप तासाभराहून जास्त कमी भरली. त्या लोकांच्या स्वतःच्या नोंदींत मात्र हा फरक तितका उमटला नव्हता. म्हणून ‘मला कॉफीने काहीच होत नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्या तरुणांवर माझा फारसा विश्वास नाही.

आता औषधं. वय वाढतं तशा गोळ्या वाढतात, आणि कोणी विचारत नाही म्हणून कोणी सांगतही नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक आणि फ्लूव्हॉक्सामीन ही नैराश्यावरची गोळी याच एन्झाइमला रोखतात. नेहमीचाच कप मग कितीतरी जास्त वेळ अंगात राहतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी हा काळ साधारण दुप्पट होतो. सिगारेटचा परिणाम उलटा. धुरामुळे हे एन्झाइम जोरात चालतं, म्हणून सिगारेट सोडली की तीच कॉफी एकदम चढायला लागते. मग छातीत धडधड, हात थरथरणं, चिडचिड, आणि सगळं खापर निकोटीन सुटल्यावर! व्यसन सोडताना कॉफीही कमी करायला हवी, हे फार कमी जणांना माहीत असतं. थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही, तेही जाता जाता सांगून ठेवतो.

बाकीच्या पेयांचं थोडक्यात. वयाबरोबर शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे तेवढीच दारू रक्तात जास्त तीव्र भरते. वर झोपेची गोळी असेल तर धोकाच. सोडा-कोलाने जळजळ वाढते ती बरेचदा वायूने पोट फुगून आम्ल वर येतं म्हणून. आणि कॉफीनंतर पोट गुडगुडत असेल तर आधी दुधावर संशय घ्या. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवण्याची ताकद पुष्कळांची कमी होत जाते. काही दिवस बिनदुधाची पिऊन पाहिलं की उलगडा होतो.

तुम्ही काय करावं? कप मोजण्यापेक्षा घड्याळ पाहा. निरोगी प्रौढासाठी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये सांगितलं, गर्भवतींसाठी 200. पण तुमच्या पातळ झोपेला तो आकडा लागू पडेलच असं नाही. मी दुपारच्या जेवणानंतर कॉफी बंद केली, सकाळचे दोन कप तसेच चालू ठेवले, आणि मला तेवढं पुरलं. तुम्ही दिवसभर पीत असाल तर एकदम तोडू नका. बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं आणि कधी कधी आठवडाभर सुटत नाही. आधी संध्याकाळचा कप अर्धा करा, मग दुपारचा. डीकॅफवर जाणार असाल तर त्यातही थोडं कॅफीन उरतंच, झोपायच्या वेळी तेही नको.

कॉफी कमी करूनही धडधड राहिली, ठोके मध्येच चुकल्यासारखे वाटले किंवा चक्कर आली, तर कॉफीचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी काढा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या, सर्दी-डोकेदुखीच्या गोळ्यांसकट. त्यांतल्या काहींत कॅफीन असतं.