विभाजक, कुंपण आणि खूण

संगणकावरचा ‘डिलिमिटेड टेक्स्ट’ (नोंदी एखाद्या चिन्हाने वेगळ्या केलेला मजकूर) आणि ‘मार्कअप’ (मजकुरात घातलेल्या, त्याविषयी काही सांगणाऱ्या खुणा) या दोन्हींना मराठीत ‘चिन्हांकित मजकूर’ म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते चालणार नाही. दोन्हीकडे चिन्हं असली तरी त्यांची कामं निराळी आहेत.

सीएसव्ही फायलीतला (म्हणजे स्वल्पविरामांनी नोंदी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या फायलीतला) स्वल्पविराम (आमच्या बडोद्यात गुजराती शाळेत शिकलेले त्याला ‘अल्पविराम’ म्हणतात) दोन नोंदींच्या मध्ये येतो. कुठली नोंद कशाची, हे तो सांगत नाही. मिसळणाच्या डब्यात वाटीवर नाव नसतं, कुठे मोहरी नि कुठे जिरं हे घरच्यांना ठाऊक असतं, तसंच हे. म्हणून त्याला ‘विभाजक’.

गणपतीच्या वर्गणीची यादी मी नोटपॅडमध्ये टाइप केली होती. त्यातली एक ओळ:

जोशी,दांडिया बाजार, बडोदा,१,१००

रकाने हवे होते तीन (नाव, पत्ता, वर्गणी), उघडले पाच! वर्गणीच्या जागी ‘बडोदा’ आणि अकराशेचे दोन तुकडे, १ आणि १००. अशा वेळी स्वल्पविराम असलेली नोंद दुहेरी अवतरणचिन्हांत घालायची, आणि आतच असं चिन्ह असेल तर ते दोनदा लिहायचं. २००५ च्या आरएफसी ४१८० या सीएसव्हीविषयीच्या तांत्रिक दस्तऐवजात हीच रीत नोंदवली आहे. इथली अवतरणचिन्हं विभाजक नव्हेत, ती नोंदीला दोन्ही बाजूंनी अडवतात. इंग्रजीत दोहोंना सर्रास ‘डिलिमिटर’ म्हणतात. आपण यांना ‘कुंपण’ म्हणावं, घोळ होणार नाही.

‘मार्कअप’ हा शब्द छापखान्यातला. जुळाऱ्याला (छपाईसाठी खिळे जुळवणाऱ्याला) सूचना म्हणून हस्तलिखितावर ज्या खुणा करत, ते मार्कअप. तेव्हा ‘खूण’ हाच शब्द मला नेमका वाटतो, आणि अशा मजकुराला ‘खुणांकित’. एक्सएमएल या मार्कअपच्या पद्धतीत (१९९८) खुणेचं नाव देवनागरीतही चालतं:

<पत्ता>दांडिया बाजार, बडोदा</पत्ता>

इथे स्वल्पविराम निर्धास्त राहतो. पथ्य ‘<’ आणि ‘&’ यांचं, ते मजकुरात जसेच्या तसे लिहिता येत नाहीत. शिवाय दर नोंदीला नाव दोनदा लिहावं लागतं, फाईल फुगते. नुसत्या वर्गणीच्या यादीसाठी मी विभाजकच वापरेन. पण एका घरात चार सभासद आणि त्यातल्या दोघांचे दोन-दोन फोन असले, की खुणेच्या पोटात खूण घालता येते ती सोय मोठी वाटते. तिथे विभाजकाने भागवायचं तर एक तर रिकामे रकाने वाढवा, नाहीतर घराचा पत्ता चार ओळींत चारदा लिहा.