तुमचे प्रश्न : बदलतं थिएटर खरंच बदलतं का?

प्रश्न : आमच्या नाटकाच्या ग्रुपला एक रिकामं गोडाऊन वापरायला मिळतंय, दीडशे माणसं आरामात बसतील एवढं. एकजण म्हणतो नेहमीसारखं समोर स्टेज बांधू, दुसऱ्याला मोटरवर हलणारी बैठक हवीय, दर नाटकाला वेगळी रचना करता येईल म्हणून. कोणाचं ऐकावं?

उत्तर : आत्ता कोणाचंच नको. आधी हे ठरवा की एक रचना मोडून दुसरी लावायला किती माणसं आणि किती तास लागणार, कारण सगळी गंमत तिथेच अडते. अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या एका नाटक कंपनीचंच बघा, त्यांच्याकडे पत्र्याची एक जुनाट शेड होती, काहीही तोडाफोडा, कोणाला फरक पडत नव्हता, त्यामुळे दिग्दर्शक दर वेळी स्टेजची रचना बदलायचे आणि त्यातूनच कंपनीचं नाव झालं. पण दर वेळी सगळं बदलायचा खर्च एवढा वाढत गेला की शेवटी स्टेज एका जागी कायमचं ठोकून टाकलं! म्हणजे शेड तीच होती, बदलायला कोणी अडवलं नव्हतं, फक्त परवडेना.

२००९ मध्ये त्याच कंपनीसाठी वायली थिएटर उभं राहिलं ते नेमकं हे दुखणं ओळखून. साधारणपणे लॉबी, मेकअप रूम, ऑफिस हे सगळं प्रेक्षागृहाला चारी बाजूंनी चिकटलेलं असतं, इथे आर्किटेक्टनी ते उचलून वर आणि खाली टाकलं, बिल्डिंग आडवी पसरण्याऐवजी उंच झाली आणि प्रेक्षागृहाच्या बाजू मोकळ्या राहिल्या. नेपथ्य जसं वर ओढून घेतात तशा बाल्कन्यासुद्धा वर ओढता येतात. समोर कमानीचं स्टेज, प्रेक्षकांत घुसलेलं थ्रस्ट, की नुसती सपाट जमीन, हे थोडी माणसं काही तासांत बदलू शकतात. मला यात यंत्रापेक्षा ते ‘थोडी माणसं’ जास्त आवडतं.

तुम्हाला मोटर नकोच. दोघांना उचलता येतील अशा एकाच मापाच्या लेव्हल्स, म्हणजे सुटे चौथरे, करून घ्या, खुर्च्या सुट्या ठेवा, आणि जमलंच तर ड्रॉवरसारखी आत ढकलता येणारी पायऱ्यांची बैठक घ्या.

प्रश्न : ही आयडिया अगदी आत्ताची आहे ना?

उत्तर : नवी कसली! १९२७ मध्ये वॉल्टर ग्रोपियस या आर्किटेक्टनी एर्विन पिस्काटर या दिग्दर्शकासाठी दोन हजार प्रेक्षकांचं ‘टोटल थिएटर’ कागदावर काढलं होतं, त्यात स्टेजसकट खुर्च्यांचा मोठा गोल फिरायचा आणि समोरचं स्टेज प्रेक्षकांच्या मधोमध यायचं, तेही चालू प्रयोगात. बांधलं मात्र गेलंच नाही. न्यूयॉर्कच्या ‘द शेड’ या कलाकेंद्रात (२०१९) तर १२० फूट उंचीचं अख्खं छप्परच चाकांवर रुळांवरून सरकतं, पाचेक मिनिटांत. भारी आहे, पण तुमच्या गोडाऊनला त्याचा काय उपयोग.

प्रश्न : रचना बदलली की दिसण्याची आणि ऐकू येण्याची बोंब होत नाही का?

उत्तर : होते, आणि ती तालमीत कळतच नाही, कारण तालमीला प्रेक्षक नसतात. सपाट जमिनीवर खुर्च्या मांडल्या की तिसऱ्या ओळीपासून फक्त डोकी दिसतात, म्हणून मागच्या ओळी लेव्हल्सवर चढवाव्याच लागतात. तिन्ही बाजूंनी प्रेक्षक बसवले तर नट कोणाकडे तरी पाठ करणारच, मग पाठीमागे बसलेल्याला त्याचे शब्द नीट ऐकू येत नाहीत. गोडाऊनमध्ये तर आवाज घुमतोही, तेव्हा भिंतींना जाड पडदे लावा आणि तेही रुळावर, म्हणजे हवे तेव्हा सरकवता येतील. लाइट्ससाठी पाइपांची जाळी फक्त स्टेजवर नको, पूर्ण छताखाली हवी, आणि प्लगसुद्धा चारी भिंतींवर, नाहीतर स्टेज हलवलं तरी प्रकाश जुन्याच कोपऱ्यात पडणार आणि तुम्ही रात्रभर वायरी ओढत बसणार.

बाहेर पडायच्या वाटांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका, प्रत्येक रचनेचा वेगळा नकाशा करून तो आधी मंजूर करून घ्या, कारण एका रचनेत मोकळं असलेलं दार दुसरीत बैठकीच्या मागे गडप होतं. आणि हो, तिकिटांवर सीट नंबर छापू नका, रचना बदलली की ‘क-७’ सापडेलच असं नाही.