मराठी माध्यमातून शिकलेल्या, घरात कोणी कारकूनही नसलेल्या मुलीने सीए (चार्टर्ड अकाउंटंट) व्हायचे ठरवावे का? खर्च किती येतो?

आपण बीड जिल्ह्यातून विचारले आहे आणि प्रश्नाच्या शेवटी ‘हे आमच्यासारख्यांचे क्षेत्र आहे का’ असेही लिहिले आहे. त्या शेवटच्या वाक्यामुळेच मी उत्तर लिहायला बसले.

खर्चाचे आधी सांगते. सीएच्या परीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत: फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल. इंटरमिजिएटच्या दोन्ही ग्रुपची नोंदणी सुमारे 18,000 आणि फायनलची सुमारे 22,000 रुपये. फाउंडेशन, परीक्षा शुल्क आणि सक्तीचे प्रशिक्षण वर्ग वेगळे. अभ्याससाहित्य आणि परीक्षा घेणाऱ्या सीए संस्थेचे ऑनलाइन वर्ग विनामूल्य आहेत. अभियांत्रिकीच्या शुल्कापुढे ही रक्कम किरकोळ असल्यामुळे सीए हा गरिबाला परवडणारा कोर्स आहे असे सर्रास सांगितले जाते. असे सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी आर्टिकलशिपच्या (सीएच्या फर्ममध्ये करायच्या सक्तीच्या उमेदवारीच्या) काळात परगावी खोलीचे भाडे भरलेले असते.

माझे वडील पुण्याच्या मार्केट यार्डात हमाल होते. ज्या कार्यालयांत आर्टिकल (उमेदवार) म्हणून घ्यावे यासाठी मी खेटे घातले, ती आमच्या वस्तीपासून बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर होती. त्यामुळे अडचण गाव आणि शहर यांतल्या अंतराची आहे हे मला पटत नाही. माझ्याबरोबर परीक्षा दिलेल्या मुलांना वडिलांच्या मित्राच्या किंवा मामाच्या सीएच्या शब्दावर निकालाच्या आठवड्यातच जागा मिळाल्या. मला मात्र गुणपत्रिका पाहून झाल्यावर आडनावावरून गाव आणि गावावरून वडिलांचा व्यवसाय विचारला जाई, आणि ‘हमाल’ हे उत्तर ऐकल्यावर ‘कळवतो’ असे सांगून कागद परत दिले जात. अखेर एका फर्मने घेतले. पहिल्या वर्षाचे विद्यावेतन महिना 1,000 रुपये होते आणि त्यातला बराच भाग बसच्या पासात आणि दुपारच्या खाण्यात जाई.

तिथे मला चलने भरणे, फायली लावणे आणि टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) नोंदी करणे एवढेच काम मिळाले. चाकण-भोसरीच्या कंपन्यांच्या ऑडिटला इतर मुले जात. विचारल्यावर आमचे प्रिन्सिपल (ज्यांच्या हाताखाली मी उमेदवारी करत होते ते सीए) म्हणाले की क्लायंटसमोर इंग्रजी बोलावे लागते. पुढे एक आर्टिकल परीक्षेच्या रजेवर गेल्यामुळे एका भुसार व्यापाऱ्याच्या व्हाउचिंगला (खर्चाच्या पावत्या तपासायला) नाइलाजाने मला पाठवले गेले. त्या काळी एका व्यक्तीला एका दिवशी 20,000 रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च आयकरात नामंजूर होत असे (आता ही मर्यादा 10,000 आहे). हमालीची व्हाउचरे बहुतेक 19,500 रुपयांची होती, प्रत्येकावर वेगळ्या हमालाचे नाव आणि रेव्हेन्यू स्टँपवर सही होती, आणि आधीच्या वर्षांच्या गठ्ठ्यांत अशाच व्हाउचरांवर हिरव्या पेन्सिलीच्या टिका मारलेल्या होत्या. रक्कम मर्यादेच्या आत असल्याने तिथे कोणी थबकलेच नव्हते. मी थबकले, कारण एका हमालाला एका दिवसात एवढी हमाली मिळत नाही हे मला शिकवावे लागले नव्हते. शिवाय माथाडी कायद्याखाली नोंदलेल्या हमालाची मजुरी लेव्हीसह (मंडळाच्या आकारणीसह) माथाडी मंडळाकडे भरावी लागते. व्यापाऱ्याने ती सुट्या व्हाउचरवर रोख वाटण्याचा प्रश्नच येत नाही.

ही व्हाउचरे खरी वाटत नाहीत, असा मी ऑडिटमध्ये प्रश्न काढला. मुनीम चिडले, मालकाचा फोन आला, आणि प्रिन्सिपलनी प्रश्न कायम ठेवला हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. मात्र सगळ्यांदेखत ते हसून म्हणाले, ‘‘हिला हे बरोबर ठाऊक असणार!’’ पुढच्या महिन्यात कंपनीच्या ऑडिटला पुन्हा तीच मुले गेली.

अनेक वर्षांनी एका चर्चासत्रात हेच गृहस्थ व्यासपीठावरून म्हणाले की आपल्या व्यवसायात भेदभावाला जागाच नाही, कारण उत्तरपत्रिकेवर नाव नसते. तेव्हा मी गप्प बसले. उत्तर इथे देते. परीक्षेबद्दल माझी तक्रार नाही. प्रत्येक पेपरला 40 आणि ग्रुपला 50 टक्के ही अट सर्वांना सारखी आहे, आणि तीत कोणाला सवलत द्यावी या मताची मी नाही. पण आर्टिकलशिपविना कोणी सीए होत नाही, आणि ती जागा कोणाला द्यायची हे नाव, गाव आणि वडील माहीत करून घेऊनच ठरते. आपल्या देशातील पहिल्या महिला लेखापाल आर. शिवभोगम यांनी 1933 साली शासकीय लेखा पदविका मिळवली. त्यांना परीक्षेने अडवले नव्हते. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास झालेल्यांना व्यवसाय करू न देणाऱ्या नियमाने अडवले, आणि त्यासाठी त्यांना न्यायालयात जावे लागले. किमान विद्यावेतन आता वाढले असले तरी त्यावर पुण्यात राहणे-जेवणे भागत नाही. जी फर्म तेवढ्यावरच थांबते ती खरे तर उमेदवाराच्या वडिलांची ऐपत पाहून निवड करत असते, मग गुणवत्तेवर कितीही भाषणे होवोत.

‘आमच्यासारख्यांचे क्षेत्र’ म्हणाल, तर 1925 ते 1928 या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जात असत. आपल्याला आणखी कोणाचा दाखला हवा आहे?

तेव्हा सीए अवश्य करा, पण इंग्रजीची धास्ती घेऊन क्लासवर पैसे उधळू नका. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. तरीही रोज लिहिण्याचा सराव ठेवला की ती भाषा हाताखाली येते. पैसे राखून ठेवा ते पुढच्या काळासाठी. 2023 पासून आर्टिकलशिप 3 ऐवजी 2 वर्षांची झाली, हे चांगलेच झाले. परंतु ती संपल्यावर फायनलला बसण्याआधी 6 महिने जावे लागतात आणि त्या महिन्यांत विद्यावेतन नसते. पहिल्या पिढीच्या मुली नेमक्या तिथे घरच्यांच्या आग्रहाखातर नोकरी धरतात आणि फायनल मागे पडते. मुलाखतीत विद्यावेतन, परीक्षेची रजा आणि बाहेरच्या ऑडिटचे काम या तिन्ही गोष्टी स्पष्ट विचारा. कोणी डमी (काम न करता फक्त कागदोपत्री) आर्टिकलशिप सुचवली तर उठून निघून या. नियमबाह्य तर ती आहेच, आणि काम शिकण्याचे घरात दुसरे साधन नसलेल्याचेच तिच्यात सर्वाधिक नुकसान होते.

सगळ्या फर्म अशा नसतात, आणि लहान गावातल्या एकट्या सीएला जास्त विद्यावेतन देणे खरोखर जड जाते. मी स्वतः आता आर्टिकल ठेवते, त्यामुळे ते गणित मला माहीत आहे. अनुसूचित जातीतील असाल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबद्दल समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. तिच्या अभ्यासक्रमांच्या यादीत सीए आहे. उत्पन्नाचा दाखला मात्र इंटरच्या निकालाआधीच काढून ठेवा.