गुप्तांगावरचे दाणे: दुखत नाही म्हणून थांबू नका

या सदराला पुरुषांची पत्रं भरपूर येतात आणि त्यातल्या निम्म्यांचा विषय एकच असतो: ‘खाली दाणे आलेत, हे काय आहे?’ बरेचजण फोटोही पाठवतात. फोटोवरून मी निदान करत नाही. न्हाणीघरातल्या उजेडात काढलेल्या फोटोत निरुपद्रवी दाणा आणि चामखीळ अगदी सारखे दिसतात. पण शंका त्याच त्याच आहेत, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न: वय 23. शिश्नाच्या टोकाच्या कडेला बारीक पांढरट दाण्यांची रांग आहे. दुखत नाही, खाजत नाही. आजवर कोणाशी संबंध आलेला नाही. मित्र म्हणतो चामखीळ आहे, सोडा-चुना लाव. तीन महिन्यांनी लग्न आहे.

मित्राचं ऐकू नका. तुमच्या वर्णनावरून हे बहुधा पर्ली पिनाइल पॅप्युल्स आहेत. एक-दोन मिलिमीटरचे, एकाच मापाचे, गुळगुळीत दाणे कडेलगत एका किंवा दोन ओळींत असतात. वयात आल्यावर दिसू लागतात, पुढे वयानुसार फिके होत जातात. ते कोणाकडून लागत नाहीत, होणाऱ्या पत्नीलाही लागणार नाहीत. अस्वच्छतेशी किंवा हस्तमैथुनाशी त्यांचा काही संबंध नाही.

चामखीळ अशी शिस्तीत येत नाही. ती कुठेही उगवते, एक मोठी तर एक लहान, हाताला खरखरीत लागते, वाढली की फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी दिसते. काही आठवड्यांत संख्याही वाढते.

सोडा-चुना लावणं, घोड्याचा केस बांधणं, ऑनलाइन मागवलेलं ‘चामखीळनाशक’ लावणं, यातलं काहीही त्या जागी करू नका. तिथली कातडी पातळ असते. ती भाजते, व्रण राहतो आणि भाजलेल्या जागी मूळ दाणा कसला होता हे नंतर डॉक्टरलाही सांगता येत नाही. ‘लग्नाआधी लेझरने साफ’ अशी पॅकेजेस विकणाऱ्यांपासूनही लांब राहा. जो आजारच नाही त्याचे पैसे घेतले जातात, याचा मला मनापासून राग येतो. त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवा, शंका तिथेच फिटेल.

प्रश्न: कातडी ताणली की पिवळसर ठिपके दिसतात. मूल होण्यात अडचण येईल का?

नाही. त्या तेलग्रंथी आहेत, अनेकांच्या ओठांवरही दिसतात. पिळू नका.

प्रश्न: वय 61. अंडकोषाच्या पिशवीवर जांभळे-काळे ठिपके आहेत. परवा खाजवताना रक्त आलं. कॅन्सर असेल का?

बहुधा नाही. या वयात तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगून असे ठिपके येतात. त्यांना अँजिओकेरॅटोमा म्हणतात. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून धरा. तरीही एकदा दाखवाच. एखादाच डाग वाढत असेल, कडक लागत असेल किंवा तिथली जखम भरत नसेल, तर तुकडा काढून तपासावा लागतो. आणि असेच ठिपके घरातल्या लहान मुलाला किंवा तरुणाला मांड्या-कमरेपर्यंत असतील, तर त्याला मात्र लवकर दाखवा. क्वचित त्यामागे आनुवंशिक आजार असतो.

प्रश्न: शिश्नावर आणि पिशवीवर लाल गाठी आहेत, रात्री प्रचंड खाज येते. मेडिकलमधून ट्यूब आणली. लावली की बरं वाटतं, सोडली की पुन्हा येते.

बायको-मुलांनाही खाज येते का? तुमच्या बोटांच्या बेचक्यांत, बेंबीभोवती पुरळ आहे का? असेल तर ही खरूज असण्याची शक्यता मोठी. तिचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावं लागतं, खाज नसलेल्यांनीही. एकट्याने लावून उपयोग नाही. उपचारानंतरही गाठी काही आठवडे खाजू शकतात, त्यामुळे औषध लागू पडलं नाही असं समजून पुन्हा पुन्हा चोपडू नका.

त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र आहे. स्टेरॉइडने खाज दबते, आजार आतल्या आत पसरतो आणि जांघेतली कातडी पातळ होऊन चिरा पडतात. गजकर्णाची तर अशा ट्यूबने ओळखच पुसली जाते. ती बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: वय 31. कामानिमित्त बाहेरगावी असताना एकदा संबंध आला. तीन आठवड्यांनी शिश्नावर फोड येऊन चिघळला, पण अजिबात दुखला नाही. मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या, महिन्याभरात जखम भरली. पत्नी पाच महिन्यांची गरोदर आहे. आता तपासणीची गरज आहे का?

आहे, आणि उद्याच.

या पानावर मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या पत्राची वाटते. माणूस दुखण्याला घाबरतो, पण या भागात न दुखणारी जखम जास्त धोक्याची असते. नागिणीसारखे बारीक फोड येणाऱ्या हर्पीसमध्ये आग होते, म्हणून रुग्ण धावत येतो. सिफिलिसची, म्हणजे गरमीची, पहिली जखम बहुधा एकच, कडक बुडाची आणि न दुखणारी असते. संबंधानंतर 10 ते 90 दिवसांत, बहुधा तीन आठवड्यांनी, ती येते आणि औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत भरते. मग सगळे म्हणतात, बरं झालं. रोग मात्र रक्तात असतो. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारं पुरळ येतं, तेही जातं. काही वर्षांनी तो हृदयात, मेंदूत, डोळ्यांत निघू शकतो.

तुम्हाला सिफिलिसच झाला असं मी म्हणत नाही. ते रक्ततपासणीच सांगेल. व्हीडीआरएल आणि टीपीएचए या सिफिलिसच्या रक्ततपासण्या आणि एचआयव्हीची तपासणी करा. जखम नवी असताना तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करा. सुरुवातीच्या टप्प्यात पेनिसिलिनचा एक डोस बहुधा पुरतो, पण तो दवाखान्यातच घ्यायचा असतो. मेडिकलच्या चार गोळ्या हा त्याला पर्याय नाही.

पत्नीला सांगावंच लागेल. तिची व्हीडीआरएल गरोदरपणाच्या सुरुवातीला झाली असेल, तरी नंतर लागण झालेली असू शकते. गर्भपात, मृत बाळ, जन्मतः आजारी बाळ हे सगळं वेळेत उपचार मिळाले तर टळू शकतं. सांगायला जीभ रेटत नसेल तर दोघं मिळून डॉक्टरांसमोर बसा, आम्ही बोलतो. तोवर संबंध पूर्ण बंद.

प्रश्न: पतीला तिथे चामखीळ निघाली आहे. म्हणजे लग्नानंतर त्यांचे बाहेर संबंध आले का?

चामखिळीवरून ते सांगता येत नाही. ती ज्याच्यामुळे येते तो एचपीव्ही हा विषाणू शरीरात महिनोन्‌महिने, कधी वर्षं, गप्प राहतो. त्यांनी उपचार घ्यावेत आणि तुम्ही स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तपासणी करून घ्या, पॅप स्मिअर या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीच्या तपासणीबद्दल विचारा. चामखीळ आणणारे या विषाणूचे प्रकार, बहुतेक वेळा क्रमांक 6 आणि 11, कॅन्सर करणाऱ्या 16 आणि 18 हून वेगळे असतात. पण एकीला दोन्हींची लागण असू शकते. एचपीव्हीची लस आधीच आलेली चामखीळ घालवत नाही. मुलामुलींना वेळेत द्यायची ती लस आहे, बालरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न: दाखवायचं आहे, पण ओळखीचं कोणी भेटेल याची भीती वाटते. कुठे जाऊ?

जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभाग असतो. तिथे ‘सुरक्षा क्लिनिक’ विचारा, तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. एचआयव्ही तपासणी तुमच्या संमतीशिवाय होत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. आधी फोनवर बोलायचं असेल तर 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे. जाण्याआधी काही लावू नका आणि आजवर वापरलेल्या ट्यूब, गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.