११ वर्षांच्या मुलाने ‘यूए १६+’ मालिका पाहिली, तर जबाबदारी कोणाची?
माझ्या मते, मुख्यतः पालकांची. ‘यूए १६+’ म्हणजे १६ वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा कार्यक्रम. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरील ‘यूए १३+’ आणि त्यापुढच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलपाची सोय देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. मात्र ते कुलूप लावायचे काम घरातल्या मोठ्यांनाच करावे लागते. चित्रपटांबाबत तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर कायदाच सांगतो की, ‘यूए’ प्रमाणपत्रावरील वयाचा आकडा पालकांनी विचार करावा म्हणून असतो आणि त्यांच्याखेरीज कोणीही त्याची सक्ती करू शकत नाही. ‘ए’ चित्रपटाला मात्र १८ वर्षांखालील मुलांना पालकांसोबतही प्रवेश नसतो.

आमच्या मुलीने ओटीटीच्या कुलपाचा चार आकडी पिन माझ्या बोटांकडे पाहूनच पाठ केला होता. म्हणून आता तिचे वेगळे प्रोफाइल तर आहेच, पण मोठ्यांच्या प्रोफाइललाही पिन आहे आणि तो आम्ही अधूनमधून बदलतो. ही दुसरी गोष्ट अनेक घरांत राहून जाते. शिवाय कार्यक्रमाच्या सुरुवातीला वयाच्या आकड्याशेजारी हिंसा, शिवीगाळ किंवा अमली पदार्थ असा जो उल्लेख येतो, तो जरूर वाचावा, कारण दोन ‘१६+’ मालिकांमध्ये जमीनअस्मानाचा फरक असू शकतो.